मत्स्यपेटीतील हद्द आणि वहिवाट

काचेच्या पेटीत मासे पाळण्याच्या छंदाला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. आणि त्या पेटीतील पाणी निर्मळ कसे राखावे या प्रश्नाचा उलगडा छंदाच्या आरंभीच झाला असला, तरी त्याच पाण्यात निरनिराळ्या जातींचे मासे परस्परांचा घात न करता कसे नांदतील, हा प्रश्न सुटण्यास पुढील शंभर वर्षे जावी लागली.

१८४९ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली, कुजक्या पानांचा उपद्रव होऊ लागताच ती फस्त करण्यासाठी गोगलगायी सोडल्या, आणि या तिघांच्या परस्परपोषणाने पाणी वरचेवर बदलावे लागत नाही, हे दुसऱ्याच वर्षी विद्वानांपुढे सप्रमाण मांडले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस याच्या मत्स्यालयावरील ग्रंथामुळे ही हौस इंग्लंडातील दिवाणखान्यांत पोहोचली. तथापि पाण्याचा समतोल साधला म्हणजे प्राण्यांचा समेट झाला, असे नव्हे. ओढ्यानाल्यांतून सहज मिळणारा स्टिकलबॅक नावाचा बोटभर लांबीचा मासा पेटीत आला, की विणीच्या हंगामात त्याचा नर घरटे बांधी आणि त्या घरट्याच्या आसपास फिरकणाऱ्या प्रत्येकावर पाठीचे काटे उभारून तुटून पडे.

अशा माशांना जात्याच दुष्ट समजण्याचा प्रघात तेव्हा सार्वत्रिक होता, आणि सयाममध्ये तर या स्वभावावर सरकारी महसूल उभा होता. आज आपण ज्याला 'फायटर' म्हणतो, त्या माशाच्या झुंजी लावण्याचा परवाना तिथे मक्त्याने दिला जाई व त्यापासून राजाच्या खजिन्यात दरसाल मोठी रक्कम जमा होई, अशी नोंद ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील डॅनिश वैद्य थिओडोर कँटर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केली आहे.

मासे जात्याच दुष्ट असतात या समजुतीला निर्णायक धक्का दिला तो हॉलंडमधील लायडन येथे निको टिंबर्खेन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने. एकाच पेटीच्या दोन टोकांना घरटी केलेले दोन स्टिकलबॅक नर त्याने निरनिराळ्या काचनळ्यांत घातले आणि त्या नळ्या शेजारीशेजारी धरून पेटीभर फिरवल्या. पहिल्याच्या घरट्याजवळ नेताच पहिला हल्ल्यासाठी धडपडू लागे व दुसरा पळ काढू पाही. दुसऱ्याच्या घरट्याजवळ नेताच, तेच दोन मासे आणि त्याच दोन नळ्या असूनही, भूमिका अगदी उलट होत. शौर्य आणि भय हे त्या माशाच्या स्वभावात कायमचे कोरलेले नसून तो कोणाच्या हद्दीत उभा आहे यावर ठरतात, हा या साध्या प्रयोगाचा निष्कर्ष मला मत्स्यपालनाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण बांधावरून भांडणाऱ्या दोन शेतकऱ्यांचा तंटा त्यांच्या स्वभावाला दोष देऊन मिटत नाही, त्यासाठी हद्दीची मोजणी करावी लागते.

कॉनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तनाच्याच अभ्यासकाने १९६३ साली याच विचाराला पुढची जोड दिली: प्रवाळातील झगझगीत रंगांचे मासे परक्या जातीला बहुधा सोसतात, आणि त्यांचा खरा रोष वळतो तो स्वजातीयावर, कारण त्याच अन्नाचा आणि त्याच कपारीचा दुसरा दावेदार तोच असतो. रंगाने, आकाराने वा आहाराने सारख्या असलेल्या भिन्न जाती एकत्र ठेवू नयेत, हा आजचा दंडक याच तत्त्वाशी जुळतो. पुढे आफ्रिकेतील मलावी सरोवराचे म्बूना मासे जगभरच्या पेट्यांत आले. खडकांवरील शेवाळ खरवडून जगणारे आणि कपारीसाठी झगडणारे हे मासे थोडे ठेवले तर बलवान नर दुर्बळाचा पिच्छा पुरवून त्याला मारून टाकतो. म्हणून ते मुद्दाम दाटीने ठेवण्याचा रिवाज पडला, जेणेकरून कोणाचीच वहिवाट पक्की होऊ नये आणि रोष अनेकांत वाटला जावा. परंतु दाटी वाढली की पाणी लवकर नासते, आणि हा सलोखा टिकवण्यासाठी गाळणयंत्राची क्षमता वाढवून पाणीही वारंवार बदलावे लागते.

मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले आणि मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातले मासे काचेआड प्रथम पाहिले ते तिथेच. आपल्या घरच्या पेटीतही हद्दीचे हेच नियम लागू पडतात. दोन फायटर नर एकत्र ठेवू नयेत. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर ते एंजलफिशचे लांब पर कुरतडतात, आठ-दहांच्या थव्यात मात्र बरेचसे आपापसांतच गुंतून राहतात. तामसी मासा सर्वांच्या शेवटी सोडावा, आणि नवा मासा सोडताना दगड व वनस्पती यांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांचे दावे रद्द होऊन सर्वांची वाटणी नव्याने होते.

नदीत वा सरोवरात हरलेला मासा पळून जातो आणि तंटा तिथेच संपतो. काचेच्या चार भिंतींत तो पळू शकत नाही, म्हणूनच तिथला पराभव बहुधा मृत्यू ठरतो. ज्या माणसाने आपल्या आनंदासाठी त्या जिवाचा पळण्याचा मार्ग बंद केला, त्यानेच त्याला लपण्यास कपार, नजरेआड होण्यास वनस्पतींचा पडदा आणि स्वभावाला मानवणारा शेजार दिला पाहिजे. एवढे पाळण्याची तयारी नसेल, तर त्याने मासे पेटीत आणू नयेत.