श्वेत नागाची वंशावळ

चिंचवडच्या संभाजीनगरातील निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालयाला आसपासची मंडळी अद्याप ‘सर्पोद्यान’च म्हणतात, आणि ते नाव अनाठायी नाही, कारण १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाल्यापासून जसजशी शेतशिवारे भूखंडांच्या नकाशांत विरत पार चाकणपर्यंत गेली, तसतसे बांधांवरचे नाग, घोणस नि धामणी गोदामांत व चाळींत आश्रय शोधू लागले, आणि पुंगीवाल्या गारुड्याच्या जागी सर्पमित्र नावाचा एक नवाच वर्ग उदयास आला.

या वर्गाच्या हाती क्वचित एखादा लाल डोळ्यांचा पांढराफटक नाग लागतो, तेव्हा हळदकुंकू घेऊन धावणाऱ्या गर्दीस तो देवाचा अवतार वाटावा यात नवल नाही. परंतु त्याचे मायबाप बहुधा चारचौघांसारखे गव्हाळ वा काळसरच असतात. सर्पकुळातले हे रहस्य उकलले ते अमेरिकेत, बेक्टेल नामक त्वचारोगतज्ज्ञाने व त्याच्या पत्नीने. वर्णहीन कॉर्न स्नेकच्या साध्या जोडीदारापासून झालेल्या पिलांत लोपलेला गुण पुढच्या पिढीत, मेंडेलच्या वाटाण्याप्रमाणेच, चौथाईच्या हिशेबाने परत येतो, हे या दांपत्याने १९६२ साली सप्रमाण प्रसिद्ध केले. गंमत अशी की ‘वर्णहीन’ हा शब्दच तेथे फसवा: पंचांग छापताना काळी शाई संपून केवळ तांबडी उरावी, तसा त्या सापाचा कृष्णवर्ण तेवढा जातो आणि अंग नारिंगी उजळते, तांबडा वर्ण घालविणारे वैगुण्य निराळे, त्याने साप राखी होतो, आणि दोन्ही वैगुण्ये गुप्तपणे वाहणाऱ्या जोडप्याच्या सोळा पिलांत सरासरी एकच हिमशुभ्र निपजते. त्या एकासाठी पैदासकाराची सारी भिस्त नोंदवहीवर, कारण गुप्त गुण वाहणारे ‘हेट’ पिलू आणि निव्वळ साधे पिलू डोळ्यांना सारखेच दिसते. रूपाच्या या हव्यासाचे मोलही सापच भरतो. बॉल पायथॉनच्या ‘स्पायडर’ वाणात नक्षीबरोबर डोके डुगडुगण्याची व्याधी वंशपरंपरेने उतरते, आणि तरीही तो वाण विकला गेला, हे मला शोभादायक वाटत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पाळण्याची वाटच बंद केली, आणि ते योग्य झाले. परदेशी बॉल पायथॉन मात्र २०२० च्या स्वेच्छा प्रकटीकरणाच्या सवलतीतून सरकारदरबारी रुजू झाला, आणि २०२४ च्या नियमांन्वये त्याच्या पिलांचा जन्म, हस्तांतर व मृत्यू यांची दफ्तरी नोंद आवश्यक ठरली. म्हणजे पैदासकाराच्या खासगी वहीस सरकारी जोड मिळाली. चाकणच्या गोदामात उद्या एखादा श्वेत नाग पकडला गेला, तर वनखात्याच्या कागदावर ठिकाण आणि तारीख उतरेल. मायबापांचा रकाना तेथे असण्याचे कारणच नाही.