आल आणि आलवण

यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब लागते. चिंतामणी गणेशाचे स्थान म्हणून हे गाव विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावे लागते असे ते देऊळ, आणि पुराणांतले कदंबपूर ते हेच अशी भाविकांची श्रद्धा. गावाचे नाव झाडावरून पडले, हे तर कोणीही सांगेल. कळंब म्हणजे कदंब. आम्हांला मात्र या लेखापुरते त्या झाडाचे कुळ हवे आहे. मराठी वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत ज्याला कदंब कुल म्हणतात, त्याचे शास्त्रीय नाव रुबिएसी. हे नाव 'रुबिया' म्हणजे मंजिष्ठेवरून आले, आणि त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी तांबडा हा अर्थ आहे. आपण ज्या कुळाला सुगंधी फुलांच्या झाडाचे नाव दिले, त्याला युरोपने रंगाऱ्याच्या मुळीचे नाव दिले. याच कुळात आल येतो. ज्याने कित्येक शतके मध्य हिंदुस्थानातील जाडेभरडे कापड तांबडे केले, आणि ज्याला आज आपल्या भागात कोणी रंग म्हणून ओळखत नाही, तोच हा आल.

ओळखत नाही म्हणजे झाड दिसत नाही असे नव्हे. विदर्भातील शेतांच्या धुऱ्यांवर ते आजही उभे आहे. लोक त्याला बारतोंडी म्हणतात. अनेक फळे एकमेकांना चिकटून झालेले, अंगभर डोळे असलेले त्याचे फळ पाहिले की बारा तोंडांचे हे नाव पटते. अलीकडे त्याच्याच एका भावंडाचा रस 'नोनी' या नावाने बाटलीत भरून, सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकला जातो. असो. गेल्या माघात आम्ही दोघी कळंबजवळच्या एका शेतात उभ्या होतो. तिथे धुरा सारखा करताना बारतोंडीचे एक मूळ उघडे पडले होते. साल नखाने खरवडली तर आत हळदीसारखा पिवळा रंग. शेतकऱ्याच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन त्यावर घासला आणि पिवळ्याचा तांबडा झाला. शेतकरी आमच्याकडे पाहून हसला. त्याला ते झाड सरपणापुरतेच माहीत होते.

हळदीवरही चुना असाच काम करतो. कुंकू त्यातूनच होत असे. परंतु हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंगही तसाच अल्पायुषी. आधी पाकळ्या पाण्यात तुडवून त्यांतला पिवळा काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा, मग लिंबाच्या रसाने तो खुलवायचा, आणि एवढे करून दोन-चार धुण्यांत त्याने निरोप घ्यायचा. पळसाच्या फुलांचा केशरी रंगही सणापुरताच. वनस्पतींचे बहुतेक रंग हे असे पाहुणे असतात. पक्का तांबडा देणाऱ्या वनस्पती मोजक्याच, आणि त्यांत काळ्या जमिनीत निगुतीने वाढवता येण्याजोगा होता तो आल.

निमाड आणि बुंदेलखंडाच्या बाजूला आलाची रीतसर लागवड होत असे. तीन-चार वर्षे झाड वाढू द्यायचे आणि मग खोल खणून मुळे काढायची. रंग मुळाच्या सालीत असल्याने बारीक मुळांना अधिक भाव, जाड मुळे जवळजवळ टाकाऊ. म्हणजे पीक घ्यायचे तर झाड समूळ उपटायचे. पुढचे काम रंगाऱ्याचे. कापड तेलात आणि खाराच्या पाण्यात पुन्हापुन्हा भिजवून वाळवायचे, हरड्याच्या पाण्यातून काढायचे, तुरटी द्यायची, आणि शेवटी आलाच्या भुकटीबरोबर, अनेकदा धायटीची फुले टाकून, उकळायचे. रसायनशास्त्राच्या भाषेत तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम धाग्याला आणि रंगाला एकमेकांशी बांधतो व पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. रंगाऱ्याला ही भाषा ठाऊक नव्हती, परंतु तुरटीवाचून रंग 'धरत' नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. धरणे हे क्रियापदच नेमके आहे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात रंगारी, भावसार, छिपा, निराळी ही सारी मंडळी एकाच प्रकरणात येतात. निराळी म्हणजे निळीचे काम करणारे. परशुरामाच्या भयाने दोघे भाऊ देवीच्या देवळात शिरले, देवीने त्यांना वाचवले आणि रंगाऱ्याचा धंदा दिला, ही त्यांची उत्पत्तिकथाही तिथे आहे. शस्त्र गेलेल्या माणसाच्या हाती देवीने रंग दिला, ही कल्पना आम्हांला आवडते. अशा कथा बहुधा धंद्याची समाजातली पायरी वर सरकवण्यासाठी रचलेल्या असतात, हे मान्य करूनही.

आल गेला तरी भाषेतून तो पुरता गेलेला नाही. पोथ्या आणि वह्या बांधायचा जाड तांबडा खारवा जुन्या घरांतून अजून सापडतो. तो मूळचा आलाचाच. आणि दुसरा शब्द आलवण. त्याचा पूर्वार्ध म्हणजे हाच आल, असे आमचे मत आहे. आलाच्या वर्णाचे ते आलवण. मराठी वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. केशवपन झालेल्या विधवेने आयुष्यभर नेसायचे बिनकाठाचे, बिनपदराचे तांबडे लुगडे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीतील यमूचे दुःख वर्गात शिकवताना आम्ही अनेकदा या वस्त्रापाशी थांबलो आहोत. समोरच्या मुलींना ते वस्त्र कसे होते याची कल्पना नसते. लाल तर नवरीचा रंग ना, असे त्या विचारतात.

प्रश्न रास्त आहे. कुंकू पुसायचे आणि तांबडे नेसवायचे, हे कसे? आम्हांला वाटते, याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधण्याआधी रंगाऱ्याच्या रांजणात शोधावे. नवरीचा तांबडा कुसुंबी असे, चमकदार आणि उडून जाणारा. विधवेचा तांबडा आलाचा, मंद, मातकट आणि न उडणारा. तो मळखाऊ होता, भट्टीची धुणी सोसणारा होता आणि जन्मभर पुरणारा होता. ज्या बाईवर घराने पुन्हा खर्च करायचा नाही असे ठरवले होते, तिच्यासाठी याहून सोयीचा रंग नव्हता. त्याच आलाची तांबडी वस्त्रे सामान्य कष्टकरी माणसेही वापरत आणि त्यांना त्यात अशुभ काही दिसत नसे. रंगाचा पक्केपणा हा मुळीचा गुण. त्याला शिक्षेचा अर्थ दिला तो माणसांनी.

आता हे सारे आम्हांला का सुचले ते सांगतो. आमच्यापैकी एकीचे माहेर कळंबचे. तिथल्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजीचे आलवण आहे. पणजी तरुणपणीच विधवा झाली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस गेली. घरातल्या काकूंनी लग्न होऊन आल्यावर या आजेसासूला चार वर्षे पाहिले. घडी उलगडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि रंग असा की काल रंगवले असावे. आमचा पहिला उद्गार होता, पाहा, हा नैसर्गिक रंग! आज असा टिकेल का?

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला तेव्हा लाज वाटली.

हिशेब असा. १८५६च्या वसंतात लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून क्विनीन करू पाहत होता. (क्विनीनचा सिंकोना वृक्षही कदंब कुलातलाच.) क्विनीन झाले नाही, जांभळा रंग झाला, आणि ऑगस्टमध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. त्याच्या महिनाभर आधी, जुलै १८५६ मध्ये, इकडे हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला होता. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, परंतु कोणते अधिक वेगाने खेड्यांपर्यंत पोहोचले ते पाहण्यासारखे आहे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन संशोधकांनी मंजिष्ठ वर्गातील मुळांतले अलिझरीन हे रंगद्रव्य डांबरातल्या अँथ्रासीनपासून घडवले. पुढच्या वर्षी त्याच्या व्यापारी कृतीचे पेटंट 'बीएएसएफ'च्या वतीने २५ जून रोजी आणि पर्किनच्या वतीने २६ जून रोजी दाखल झाले, एका दिवसाच्या अंतराने. काही वर्षांतच युरोपातील मंजिष्ठेची शेती बसली. पुढे अलिझरीन मुंबईच्या बंदरातून आपल्याकडे आले. इकडे लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला होता, १८७७ मध्ये तिथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. वऱ्हाडाचा पांढरा कापूस त्याच मार्गाने बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे रंगीत कापड आत येऊ लागले. तीन-चार वर्षे मूळ पोसायचे, मग कमरेएवढे खणायचे, मग आठवडाभर तेल-खारात कापड भिजवायचे. एवढा खटाटोप पुडीतल्या रंगापुढे कसा टिकणार?

निळीचे तेच झाले. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्या वर्षी जगात वनस्पतीपासून सुमारे १९,००० टन नीळ निघाली होती. १९१४ पर्यंत हा आकडा १,००० टनांवर उतरला. महायुद्धात जर्मन रंग येईनासे झाले तेव्हा निळीच्या शेतीने थोडे डोके वर काढले, तेवढेच. मात्र निळीच्या बाबतीत कारखान्याने तोच रेणू बनवला होता. पांढऱ्या कपड्याला दिलेली नीळ झाडाची की जर्मनीची, हे धाग्याला कळत नाही. आलाचा रेणू निराळा, त्याला मोरिंडोन म्हणतात. तो बनवून विकण्याचा खटाटोप कोणी केला नाही. अलिझरीनने काम भागत होते. म्हणजे निळीची निदान नक्कल झाली, आलाची तीही झाली नाही. गंमत अशी की हिंदुस्थानातील मोरिंडा वर्गीय मुळांच्या रंगद्रव्यांवर १८९०च्या दशकात काम करणाऱ्यांत होता आर्थर जॉर्ज पर्किन, त्याच विल्यम पर्किनचा मुलगा. बापाने डांबरातून रंग काढले, मुलाने आयुष्य वनस्पतींच्या रंगांची नोंद करण्यात घालवले.

तर पणजीचे ते आलवण कधीचे? फार तर विसाव्या शतकाच्या मध्याचे. तोवर आपल्याकडचा आलाचा व्यापार संपून दोन पिढ्या झाल्या असाव्यात. ते न उडालेले तांबडे बहुधा कोळशाच्या डांबरातले आहे, ज्या डांबरातून ट्रंकेतल्या गोळ्या निघाल्या त्याच डांबरातले. आल शेतातून गेला, रांजणातून गेला, रंगारी दुसऱ्या कामाला लागला, आणि 'आलवण' तेवढे राहिले, शब्दही आणि रीतही. ज्या कारणासाठी तो रंग निवडला गेला असेल, ती स्वस्ताई आणि तो टिकाऊपणा आता शंभर रंगांत मिळत होता. हिरवे, निळे, जांभळे, काहीही पणजीला परवडले असते.

हे ध्यानात आल्यापासून नैसर्गिक रंगांबद्दलची गोड भाषा आम्हांला जपून वापरावीशी वाटते. कृत्रिम रंगांचा इतिहास निर्मळ नाही. फुक्सिनच्या कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने १८९५ मध्येच दाखवले होते. काही अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने आणि मागोमाग भारताने बंदी घातली ती थेट १९९०च्या दशकात. रंगशाळांच्या खालच्या अंगाला नद्यांचे काय होते, ते आपण पाहतोच. आमच्या शेजारच्या वर्ध्यात, गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयाने वनस्पतींच्या रंगांतल्या खादीचे जे काम उभे केले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आमच्या अंगावरही ती खादी असते. परंतु ती हौसेने घेता येते, आवडीचा रंग निवडून. बाजारातल्या पुडीतल्या रंगाने पहिल्यांदाच मजुरी करणाऱ्या बाईला गुलाबी आणि पोपटी नेसता आले, ही गोष्टही त्याच इतिहासातली आहे आणि ती सांगताना आपली लेखणी उगाच अडखळते.

भाषेचे म्हणाल तर तिने हिशेब आपल्या पद्धतीने फेडून घेतला आहे. डांबरातल्या रंगांचा पाया ज्या द्रव्यावर उभा राहिला त्याचे नाव अनिलिन. १८४० मध्ये फ्रिट्शेने ते निळीपासून मिळवले म्हणून 'अनिल'वरून हे नाव दिले. अनिल हा शब्द पोर्तुगिजांनी अरबीतून घेतला, अरबीत तो आपल्या 'नील'वरून गेला. जो रंग कारखान्याने संपवला, त्याचेच नाव कारखान्याच्या कपाळी लागले.

आमचा तर्क तपासता येतो. धाग्याचा अर्धा बोटभर तुकडा पुरेसा असतो. प्रयोगशाळेत तो विरघळवून अलिझरीन आहे की मोरिंडोन हे वेगळे करता येते. रसायनशास्त्र विभागातल्या आमच्या सहकाऱ्यांनी तयारी दाखवली आहे. कात्री चालवायला आमचाच हात होईना. काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "काढा की. त्यांनी मरताना सांगितलं होतं, हे माझ्या अंगावर घालून नेऊ नका. म्हणून तर राहिलं." मग त्यांना काय नेसवले होते, असे आम्ही विचारले. काकू थोड्या थांबल्या. "पांढरं. घरात दुसरं नवं काही नव्हतंच त्यांच्या मापाचं."

काठ नसल्याने धागा कोठून काढावा हे कळेना. शेवटी आतल्या टोकाचा काढला. तो सध्या आमच्या टेबलाच्या खणात, एका पाकिटात आहे.