व्होडका : निर्मिती आणि पारख

धान्य, बटाटे किंवा मळी यांपासून मिळवलेले अल्कोहोल जवळजवळ निर्भेळ होईपर्यंत शुद्ध करून त्यात पाणी मिसळले की व्होडका हे रंगहीन मद्य तयार होते. रशिया, पोलंड, फिनलंड व स्वीडन हा तिचा पारंपरिक प्रदेश. व्हिस्की किंवा ब्रँडी लाकडी पिंपात मुरते आणि तिथे तिला रंग व गंध येतो. बहुतेक व्होडका मुरवलीच जात नाही, त्यामुळे अल्कोहोलातील दोष झाकायला तिच्यात आडोसा उरत नाही. म्हणून तिची प्रत शुद्धीकरणातली कसोशी आणि वापरलेले पाणी यांवरच ठरते. किंमत, बाटलीचा घाट किंवा ‘पाच वेळा ऊर्ध्वपातित’ असा दावा यांवरून ती ओळखता येत नाही.

राय, गहू, बार्ली किंवा बटाटे शिजवून त्यांतील स्टार्च मोकळा करतात. माल्टमधील किंवा वेगळी घातलेली विकरे सुमारे ६५° से. तापमानाला त्याची साखर करतात. मळीत साखर आयतीच असते. यीस्टने किण्वन झाल्यावर द्रावात साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल तयार होते. पुढचे काम ऊर्ध्वपातन स्तंभाचे. इनिअस कॉफी यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेतून आजचे उंच स्तंभ विकसित झाले. त्यांत एकावर एक बसवलेल्या तबकड्यांवर वाफ पुन्हा पुन्हा द्रवरूप होते व पुन्हा उकळते. अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्ये वरून काढून घेतात, फ्यूजेल तेले म्हणजे जड, उग्र अल्कोहोले मधल्या तबकड्यांवरून वेगळी करतात. असे मिळालेले सुमारे ९६ टक्क्यांचे अल्कोहोल कोळशातून गाळण्याची पद्धतही जुनी आहे. कोळशाचा हा शुद्ध करण्याचा गुण टोबियास लोविट्स यांनी १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दाखवून दिला. शेवटी क्षार काढलेले पाणी घालतात, कारण जड पाण्यातील क्षार अल्कोहोलात साका धरतात व व्होडका गढूळ होते.

ही रचना पाहिली की ऊर्ध्वपातनाच्या आकड्याचा फोलपणा लक्षात येतो. प्रत्येक तबकडीवर एक लहानसे ऊर्ध्वपातन होतच असते, त्यामुळे अनेक तबकड्यांच्या स्तंभातून एकदा गेलेले अल्कोहोल साध्या भट्टीतून पाचदा काढलेल्या अल्कोहोलापेक्षा शुद्ध असू शकते. शुद्धतेची खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. नमुन्यात पोटॅशियम परमँगनेट घालतात आणि त्याचा गुलाबी रंग किती वेळ टिकतो ते पाहतात. अशुद्ध द्रव्ये जास्त असतील तर तो लवकर उडतो.

यावर आक्षेप असा की, सगळी व्होडका जर अल्कोहोल आणि पाणीच असेल, तर निवड करायची तरी कशाला? पण उरलेल्या सूक्ष्म द्रव्यांचा गंध माणसाच्या नाकाला कळतो. शिवाय मॉस्को व सिनसिनाटी येथील विद्यापीठांतील संशोधकांना २०१० मध्ये वेगवेगळ्या व्यापारी व्होडकांत पाणी व अल्कोहोल यांच्या रेण्वीय रचनेचे प्रमाण वेगळे आढळले. फरक आहे, मात्र तो सूक्ष्म आहे, आणि तिप्पट किमतीचे समर्थन त्यातून होत नाही. दुसरा आक्षेप मळीवर घेतला जातो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून अल्कोहोल बनते, आणि काळजीपूर्वक शुद्ध केले तर तेही उत्तम व्होडकाला चालते. कच्चा माल कोणता हे ग्राहकाला कळले पाहिजे, ही अपेक्षा मात्र रास्तच आहे. व्होडका फक्त धान्य वा बटाट्याचीच असावी, असा आग्रह पोलंड, फिनलंड व स्वीडन यांनी धरला होता. यूरोपीय संघात २००७ मध्ये त्यावर तडजोड झाली : इतर माल वापरायला मुभा, पण त्याचे नाव लेबलावर बंधनकारक. ‘पोलिश व्होडका’ या भौगोलिक नावासाठी तर पोलंडमध्येच पिकलेले धान्य किंवा बटाटे लागतात.

म्हणून बाटली घेताना आधी कच्चा माल व उत्पादनस्थळ स्पष्ट दिले आहे का ते पाहावे, मग तीव्रता. यूरोपीय संघात किमान ३७.५ टक्के व अमेरिकेत ४० टक्के अल्कोहोल लागते. भारतीय बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के असते. ४० हा आकडा रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव यांनी आदर्श म्हणून ठरवला, ही कथा खरी नाही; त्यांच्या १८६५ च्या प्रबंधात तशी शिफारस नाही. चव घेताना थोडी व्होडका तितक्याच पाण्यात मिसळून, बर्फाविना हुंगावी, कारण थंडीत गंध दबतो. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर शुद्धीकरण कमी पडले असे समजावे. जिभेवर रेंगाळणारा गोडवा बहुधा घातलेल्या साखरेचा वा ग्लिसरिनचा असतो. अमेरिकेत लिटरला दोन ग्रॅमपर्यंत साखर चालते. परवानाधारक दुकानातली, शाबूत सीलची आणि कच्चा माल उघड सांगणारी मध्यम किमतीची बाटली या कसोट्यांवर उतरली, तर त्याहून जास्त मोजलेले पैसे बहुतेक जाहिरातीचे असतात.