ठशातून कापलेली राणी

लाकडी ठशाने छापलेली चादर आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी असेल. ठशावर उंच राहिलेल्या भागाला रंग लागतो, कोरून काढलेला भाग कोरा राहतो. युरोपातल्या जुन्या छापील पुस्तकांतली चित्रंही अशीच निघत. त्यांत राजे-उमरावांच्या शिकारीची चित्रं पुष्कळ, कारण हरणाची शिकार हा बड्या लोकांचा मान. गरिबाने तेच हरीण मारलं तर तो चोर ठरे.

त्यातल्या एका ठशाची गोष्ट आम्हाला आज सांगायची आहे.

1575 साली लंडनमध्ये शिकारीवरचं एक पुस्तक निघालं. बराचसा मजकूर फ्रेंच पुस्तकावरून घेतलेला. गादीवर होती पहिली एलिझाबेथ, आणि तिला शिकारीचा भारी नाद. पुस्तकातल्या एका चित्रात मारलेलं हरीण जमिनीवर पडलं आहे, राणी उभी आहे आणि एक शिकारी गुडघे टेकून तिच्यापुढे सुरी धरतो आहे. हरणावर पहिला काप घालण्याचा मान राणीचा. अंगावर चरबी किती चढली आहे, हे त्या कापात दिसे.

1603 मध्ये राणी वारली. 1611 साली पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं तेव्हा गादीवर राजा जेम्स होता. अख्खा ठसा नव्याने कोरायचा म्हणजे मेहनत आणि पैसा. मग जुन्याच ठशातून राणीची आकृती कापून काढली आणि त्या जागी राजाचा तुकडा बसवला. फाटक्या लुगड्याला ठिगळ लावतो ना, तसं! गुडघे टेकलेला शिकारी मात्र तसाच राहिला.

हे कळलं तेव्हा आम्हाला आधी हसू आलं, मग राणीसाठी वाईट वाटलं. पण राणीचं नाव निदान जगाला माहीत आहे. त्या गुडघे टेकलेल्या माणसाला कोण ओळखतं?

आपल्याकडे 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि साहेब लोक बंदुका घेऊन सातपुड्यात शिरले. जेम्स फोरसिथचं पुस्तक 1871 मध्ये लंडनला निघालं. रॉबर्ट स्टर्नडेलचं 1877 मध्ये, पेंचच्या पलीकडच्या आपल्या शिवनीवर. त्याने तर चित्रंही स्वतःच काढली. या पुस्तकांच्या पहिल्या पानावर नाव साहेबाचं. पण वाघाचा माग काढायला आणि हाका घालायला रानातलीच माणसं लागत, बहुतेक गोंड. पिसाळलेला वाघ उलटला तर पहिल्यांदा त्यांच्याच अंगावर यायचा.

आमच्या गटात देवलापारकडच्या एक आजी आहेत. आम्ही राणीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा बाप हाक्याले जाये. रिकामा डबा वाजवत चालाचं, बस्. फोटो निघाला का मागच्या मानसाईले बाजूले व्हा म्हनत."

त्यांच्या वडिलांचा एकही फोटो घरात नाही. नाव आम्ही विचारून वहीत लिहून घेतलं आहे.