कलेचं माप पायलीनं : नांदेड-लातूर भागातल्या विनिमयाचा इतिहास

आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. कलेच्या बदल्यात पैसा न देता वस्तू दिली, तर तो व्यवहार कसला? विक्री, दान, मजुरी की भीक? शहरात हा विषय निघाला की पॅरिसच्या गोष्टी सांगितल्या जातात : चित्रकार जेवला, खिशात पैसे नव्हते, त्यानं खानावळीच्या मालकाला चित्र दिलं. ऐकायला छान वाटतं. पण आपल्या नांदेड-लातूर भागात कलेच्या बदल्यात धान्य देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिचे कायदे होते, हिशेब होते आणि भांडणंही होती. आज तिचीच चर्चा करायची आहे.

बलुतेदारी हा शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये ‘गांवगाडा’ लिहिला, तेव्हापासून या व्यवस्थेवर मराठीत बरंच लिहिलं गेलं. बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या जातात : थोरली, मधली आणि धाकटी. ज्याचं काम शेतीला जास्त लागतं, त्याची ओळ वरची आणि त्याचा वाटा मोठा. म्हणून सुतार-लोहार थोरल्या ओळीत, आणि देवळात वाजवणारा गुरव बहुतेक याद्यांत धाकट्या ओळीत. अलुतेदारांच्या याद्या गावोगाव वेगळ्या आहेत, पण त्यांत गोंधळी, डवरी, भाट, वाजंत्री, घडशी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. एक नाव तर थेट ‘कलावंत’ असंच आहे. म्हणजे गावाच्या हिशेबात कलेला जागा होती, फक्त ती शेवटची होती.

आता हा व्यवहार चालायचा कसा ते बघू. कुंभाराचं उदाहरण घ्या. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. कुंभार घरोघरी मातीची बैलजोडी पोचवतो. पौषात संक्रांत येते, तेव्हा सुगडं देतो. लग्न निघालं की रंगवलेली मडकी देतो. आणि धान्य कधी मिळतं? रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास खळ्यावर येते तेव्हा. म्हणजे पोळ्याच्या बैलाची परतफेड सहा महिन्यांनी, आणि तीही एकट्या बैलाची नाही, तर वर्षभराच्या सगळ्या कामाची मिळून. त्या बैलाची किंमत किती, हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. कुंभार अमक्या गावचा आहे, म्हणून त्याचा खळ्यावर हक्क. बस्स.

ॲडम स्मिथनं 1776 मध्ये लिहिलं की पैशाच्या आधी माणसं वस्तूला वस्तू देत होती आणि त्यातल्या अडचणींमुळे पैसा आला. डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञानं 2011 मध्ये या समजुतीवर मोठा हल्ला चढवला. त्याचं म्हणणं असं, की शेजारीपाजारी समोरासमोर घासाघीस करून जगतात असा समाज कुणाला सापडलेलाच नाही. गावात चालते ती उधारी. आपल्या खळ्याकडे पाहिलं तर ते पटतं. घासाघीस आपल्याकडे होती, पण ती अनोळखी माणसाशी. बोहारीण आठवा. दारात बसून जुन्या लुगड्याच्या बदल्यात पातेलं देणारी. तिथं खरी घासाघीस चालते. आणि तिथं काठाची नक्षी कुणी मोजत नाही. जरीत चांदी किती निघेल आणि कापड किती टिकेल, एवढंच मोजलं जातं. बोहारणीच्या व्यवहारात कलेची किंमत शून्य होते. खळ्यावरच्या व्यवहारात कलेची वेगळी किंमत कधी काढलीच जात नाही. या दोन्ही गोष्टी ‘वस्तुविनिमय’ या एकाच शब्दात कोंबल्या, तर इतिहास कळत नाही.

आता गाण्याकडे येऊ. नांदेड जिल्ह्यात माहूरची रेणुका आहे. लातूरला लागून तुळजापूरची भवानी. लातूर तर 1982 पर्यंत तुळजापूरच्याच, म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. गोंधळ्यांचे दोन मोठे भेद याच दोन देवींवरून पडतात : रेणुराई आणि कदमराई. संबळ, तुणतुणं आणि हातात दिवटी. लग्नानंतर गोंधळ घालायचा, देवीला बोलावायचं, आख्यान रात्रभर चालवायचं. त्याबद्दल शिधा, धान्य, कापड मिळायचं. महत्त्वाची गोष्ट ही, की अशी कलावंत घराणी आपापसांत गावं वाटून घेत. अमकं गाव अमक्या घराण्याचं, तिथं दुसऱ्यानं वाजवायचं नाही. बापाच्या मागे मुलांत गावांची वाटणी व्हायची. वतनाचा हिस्सा विकला किंवा गहाण टाकला, याचे मराठेशाहीतले कागद तर इतिहासकारांनी भरपूर वाचलेत. म्हणजे गाणं विकलं जात नव्हतं; गाण्याचा हक्क मात्र मालमत्ता होता.

किनवटच्या जंगलात याचं आणखी एक रूप दिसतं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेआधी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात त्या जिल्ह्यातल्या राजगोंडांचा अभ्यास केला आणि 1948 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात परधान येतात. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. किकरी वाजवून गोंड कुळांच्या कथा सांगणारे. प्रत्येक परधान घराणं ठरावीक गोंड कुळांशी जोडलेलं. लग्नात, मर्तिकात, देवाच्या सणात परधानानं गायचं आणि यजमानानं धान्य, कापड, कधी जनावरही द्यायचं. गोंडांचा पुराणइतिहास परधानाच्या स्मरणात, आणि परधानाचं पोट गोंडाच्या कोठारात.

या व्यवस्थेनं काय दिलं, हे आधी प्रामाणिकपणे सांगू. तिनं कलेला सातत्य दिलं. एखाद्या वर्षी गाणं कमी रंगलं म्हणून गोंधळ्याचा वाटा बंद होत नव्हता. रात्रभराची लांबलचक आख्यानं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिली, कारण ती पाठ करणाऱ्या मुलाला आपलं गाव कोणतं, हे जन्मापासून माहीत होतं.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जन्मापासून ठरलेलं काम सोडता येत नाही. मांगाची हलगी घ्या. ती लग्नात, पोळ्यात, मिरवणुकीत हवीच. आज वाजवणार नाही, असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर खळ्यावरचं धान्य बंद, आणि अनेकदा गावाचा बहिष्कार. वाजवणाऱ्यावाचून मिरवणूक निघत नाही, आणि तोच वाजवणारा देवळाच्या पायरीबाहेर उभा. ज्या विनिमयात एका बाजूला नकार देता येत नाही, त्याला अदलाबदल म्हणावं का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, ते याच कारणानं. मूठभर धान्य आणि तुकडाभर जमीन यांच्या बदल्यात माणूस चोवीस तास बांधला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून मुंबईचा कायदा इथं लागू नव्हता. पण विचार इथंही पोचला. पुढे अनेकांनी हलगी ठेवून दिली, पोतराजाचे केस कापले. ती कलेची हानी होती का? ज्यांनी ठेवली, त्यांच्यासाठी ती सुटका होती. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची गाणी आपण कौतुकानं ऐकतो. मुरळी म्हणून सोडलेल्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं, हेही त्याच वेळी लक्षात ठेवलं पाहिजे.

मग ही व्यवस्था मोडली कशी? पैसा आला म्हणून, असं एका वाक्यात उत्तर दिलं जातं. पण पैसा तर आधीही होता. हैदराबाद राज्याचा हाली शिक्का चालत होता, शेजारी इंग्रजी रुपया होता, सात हालीला सहा इंग्रजी असा हिशेब होता. त्या काळातही खळ्यावर ज्वारीच दिली जात होती. आम्हाला वाटतं, पिकाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ज्वारी हे असं पीक, की देणारा तेच खातो आणि घेणाराही तेच खातो. सूपभर ज्वारी झोळीत पडली की संध्याकाळची भाकरी झाली. गेल्या तीसेक वर्षांत लातूरच्या शिवारात सोयाबीन पसरलं. सोयाबीन खळ्यावरून थेट आडतीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. गोंधळ्याच्या झोळीत सोयाबीन टाकून त्यानं काय करायचं? माप द्यायला घरात धान्यच उरलं नाही, म्हणून दहाची नोट आली. आणि नोट हातात पडली की हक्काची जागा दयेनं घेतली.

त्याच्या बरंच आधी कायद्यानंही आपली बाजू घेतली होती. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा पाहा. त्यातली भिकेची व्याख्या वाचली, तर गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्तानं सार्वजनिक जागी दान मागणं हीसुद्धा भीक ठरते. गावात ज्याला हक्कदार म्हणत, तो हा कायदा लागू असलेल्या शहरात पाऊल ठेवताच कायद्याच्या नजरेत भिकारी. माणूस तोच, संबळ तेच, गाणं तेच. फक्त त्याच्या मागचा हिशेब कुणाला दिसेनासा झाला.

परधानांच्या एका शाखेचं नशीब वेगळं निघालं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम 1981 च्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रयत्नानं भोपाळच्या भारत भवनात पोचला. जे पूर्वज गात होते, ते त्यानं रंगवलं, आणि चित्रं त्याच्या नावानं जगभर गेली. नाव आणि किंमत, दोन्ही मिळालं. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यानं आत्महत्या केली. पैशाच्या व्यवहारातही माणूस एकटा पडू शकतो, एवढं यावरून समजून घ्यावं.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देतं. अर्जासोबत कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्यानं पन्नास वर्षं ज्वारीवर गाणं म्हटलं, त्याच्याकडे पावती कुठून असणार? धान्याचा हिशेब कागदावर नव्हता, तो गावाच्या आठवणीत होता, आणि ती आठवण असणारी माणसं आता थोडी उरलीत.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : आपल्या खळ्यावर कोण येत होतं, काय गात होतं, त्याला किती पायली जात होत्या आणि तो नको म्हणू शकत होता का. चारही प्रश्न विचारा, शेवटचा तर नक्कीच. तारीख घालून लिहून ठेवा आणि त्यावर सांगणाऱ्याची सही घ्या. इतिहासाला ते साधन होईल. आणि एखाद्या गोंधळ्याला, हलगीवाल्याला आयुष्यभराच्या कामाचा पहिला कागद मिळेल.