देवळालीचा ताप आणि साहेबाची पालुपदं

शाळेतला एक मित्र बरीच वर्षं इंग्लंडात नोकरीला आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "अरे, आज ऑफिसात एक बाई म्हणाली, आपला मॅनेजर पार 'डुलॅली' झालाय. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणे डोक्यानं सटकलाय. आणि हा शब्द इंडियातल्या कुठल्यातरी गावावरून आलाय म्हणे. तुला काही माहितीये का?"

माहितीये म्हणजे? आपली देवळाली ती! नाशिकच्या शेजारची.

याच देवळालीवर बीबीसीनं १९७४ ते १९८१ एक विनोदी मालिका चालवली होती. तिच्यातलं एक पालुपद इंग्लंडात लहान पोरांच्याही तोंडी होतं. "शट अप!" म्हणजे गप्प बस. ते कुणाला उद्देशून, ते पुढे सांगतो. पोस्ट लांब आहे मंडळी, चहा घेऊन बसा.

पालुपद म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. "धनंजय माने इथेच राहतात का?" एवढं म्हटलं की पुढचं सगळं आपोआप येतं. इंग्रजांकडे हा प्रकार रेडिओनं वाढवला, आणि त्यामागे साधी अडचण होती. रेडिओवर चेहरा दिसत नाही. अर्ध्या तासात दहा-बारा पात्रं येऊन जाणार, ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं? मग प्रत्येकाला एक वाक्य द्यायचं. दार उघडल्याचा आवाज, ते वाक्य, प्रेक्षकांचा हशा, दार बंद. वाक्य हाच चेहरा.

या प्रकारातला बाप कार्यक्रम म्हणजे 'इट्स दॅट मॅन अगेन', म्हणजे 'पुन्हा तोच माणूस'. सगळे त्याला 'इटमा' म्हणत. तो माणूस म्हणजे हिटलर. पेपरांच्या मथळ्यांत हिटलर सारखा यायचा, त्यावरून हे नाव पडलं. जुलै १९३९ मध्ये कार्यक्रम सुरू झाला, सप्टेंबरात युद्ध पेटलं. टॉमी हँडली मुख्य नट, टेड कॅव्हना लेखक.

त्यातली साफसफाईवाली मिसेस मॉप दार ढकलून यायची आणि म्हणायची, "कॅन आय डू यू नाऊ, सर?" अर्थ खोली झाडू का, पण ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू यावं. फुन्फ नावाचा एक जर्मन हेर होता. जॅक ट्रेन हा नट काचेच्या ग्लासात तोंड घालून त्याचा आवाज काढायचा. "धिस इज फुन्फ स्पीकिंग." तेव्हा इंग्लंडात हेरांची भीती घराघरांत होती. शेजारचा माणूस अनोळखी उच्चारात बोलला तरी संशय यायचा. आणि त्याच दिवसांत लोक एकमेकांना फोन लावून फुन्फच्या आवाजात बोलायला लागले. वरून बॉम्ब पडत असताना ज्याची भीती वाटते त्याचीच नक्कल करायची, याला मी नुसती करमणूक म्हणणार नाही. जानेवारी १९४९ मध्ये हँडली अचानक गेला, कार्यक्रम तिथेच थांबला. त्याच्यासाठी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. रेडिओवरच्या विदूषकाला हा मान मिळाला!

पुढे हीच युक्ती टीव्हीवर आली. 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते ७७) मधला म्हातारा कॉर्पोरल जोन्स सगळ्यात जास्त घाबरून "डोन्ट पॅनिक!" ओरडायचा. ती भूमिका करणारा क्लाइव्ह डन खऱ्या युद्धात जर्मनांच्या कैदेत चार वर्षं होता, हे कळल्यावर मला ते ओरडणं वेगळंच ऐकू यायला लागलं. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट हे या मालिकेचे लेखक.

आणि इथून गाडी देवळालीला येते. पेरी स्वतः युद्धाच्या शेवटी देवळालीत होता, तोफखान्याच्या करमणूक पथकात. त्या आठवणींवर या दोघांनी 'इट एन्ट हाफ हॉट मम' लिहिली. अर्थ, 'आई गं, काय उकडतंय!' सार्जंट मेजर विल्यम्स हा मिशीवाला दांडगट, विंडसर डेव्हिसनं केलेला. नाटकं करणाऱ्या नाजूक सैनिकांवर तो गुरकावणार: "शट अप!" कुणी रडगाणं गायलं की कोरडेपणानं: "ओ डिअर, हाउ सॅड, नेव्हर माइंड." म्हणजे अरेरे, फार वाईट झालं, सोडा.

मी काही भाग पाहिलेत. खोटं कशाला बोलू, हसलोही. पण प्रत्येक भागाच्या शेवटी नावं सरकत असताना चहावाला मुहंमद साम्राज्याचं गौरवगीत भक्तिभावानं गायला लागतो आणि विल्यम्सचा आवाज येतो, "शट अप!" गाणं बंद. तिथे माझं हसू अडकलं. गाव आपलं, पण चित्रीकरण इंग्लंडात. गौरवगीत साहेबाचं, गाणारा आपला, आणि गप्प बसायचं तेही आपल्याच माणसानं.

त्यात रंगी राम नावाचा भारतीय नोकर आहे. तो सारखा "आम्ही ब्रिटिश" म्हणतो. ती भूमिका केली मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, तोंडाला रंग फासून. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला उर्दू येत होतं, ब्रह्मदेशात तो गुरख्यांबरोबर लढला होता. पेरींनी मालिकेची बाजू कधी सोडली नाही. बीबीसी मात्र ती आता पुन्हा दाखवत नाही. आपणही फार सोवळे होऊ नये. 'माइंड युवर लँग्वेज'मधला रणजीत सिंग चुकला की हात जोडून "अ थाउजंड अपॉलॉजीज" म्हणायचा. तिचीच नक्कल 'जबान संभाल के' आपण दूरदर्शनवर घरभर बसून पाहिली. तमिळ माणसाच्या हिंदीवर हसताना आपल्याला कुठे काय वाटलं होतं?

आता नगरकरांसाठी. इंग्लिश रेडिओ विनोद ज्यानं उलटापालटा केला तो स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ ला नगरात जन्मला. बाप तोफखान्यात. पोराचं बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. १९५१ पासून १९६० पर्यंत त्याचा 'द गून शो' चालला. त्यातलं एक पालुपद, "ही'ज फॉलन इन द वॉटर", म्हणजे तो पाण्यात पडला. विनोद एवढाच! पण सगळा देश ते म्हणत होता. मिलिगन स्वतः युद्धात जखमी झाला, मनानंही. आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडला, दर आठवड्याचे भाग लिहिता लिहिता इस्पितळात गेला. देवळालीच्या नावानं ज्याला हिणवलं जातं, ते त्यानं सोसलं. पण आपला म्हणून फार मिरवायला नको. १९६९ मध्ये तोही तोंडाला रंग लावून 'करी अँड चिप्स'मध्ये पाकिस्तानी बनला होता. सहा भागांत ती मालिका बंद करावी लागली.

उलटा डाव पडला तो १९९८ मध्ये, 'गुडनेस ग्रेशस मी'त. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. नावसुद्धा मुद्दाम घेतलेलं. गूनवाल्या पीटर सेलर्सनं १९६० मध्ये भारतीय डॉक्टर बनून म्हटलेल्या गाण्याचं. यातला एक बाप जगातल्या कुठल्याही गोष्टीवर छाती ठोकून सांगतो, "इंडियन!" इंग्लंडची राणी? इंडियन! (आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे तीन काका आहेत, नावं घेत नाही.) आणि दोन टगी पोरं कुणालाही सुनावतात, "किस माय चड्डीज!" २०१९ मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीनं 'चड्डीज' हा शब्द रीतसर घेतला.

'डुलॅली' त्या डिक्शनरीत आधीपासून आहे. मूळ शब्दप्रयोग 'डुलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत घरी जायच्या बोटीची वाट पाहत पडून राहायचे. बोटी फक्त हिवाळ्यात. चुकीच्या महिन्यात आला तर महिनोन् महिने काम नाही, ऊन, मलेरिया, दारू. काहींची डोकी खरंच फिरली. पुढे इंग्रजांनी ताप गाळला आणि गाव ठेवलं.

हे सगळं मी मित्राला रात्री दोन वाजता टाइप करून पाठवलं. सकाळी त्याचं उत्तर आलं: "बाईंना सांगितलं. आता त्या विचारतायत, तिथे जायचं तर उतरायचं कुठे?"

म्हटलं, देवळाली स्टेशनलाच. मुंबईहून येताना नाशिक रोडच्या अलीकडचं.