मागुराचें बीज

कीर्तीची माळ आधीं पोंचलेल्याच्याच गळ्यांत पडते असें नाहीं. १९५७ सालीं १० जुलै रोजीं तेव्हांच्या ओरिसांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं कार्प जातीच्या माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून बंदिस्त पाण्यांत त्यांची वीण घडवून आणली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु रामस्वामी व सुंदरराज यांनीं १९५६ सालींच शिंगी माशाच्या, आणि पुढच्या वर्षीं मागुराच्याहि, अशाच विणीचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, याचें स्मरण किती जणांस आहे ?

हे मिशाळ, खवल्यांवांचूनचे मासे हवेंतील प्राणवायु घेऊं शकतात, म्हणून उथळ, गढूळ पाण्यांतहि तग धरतात. पावसाळ्यांत भातखाचरें तुडुंब भरलीं म्हणजे त्यांची वीण होते. सांठवणीच्या पाण्यांत मात्र मादीच्या पोटांत अंडीं वाढतात, पण बाहेर पडत नाहींत. कारण पावसाची खूण मेंदूखालच्या त्या ग्रंथीस मिळत नाहीं. अर्जेंटिनांत हुसे यांनीं १९३० सालीं, व त्यानंतर ब्राझीलमध्यें फॉन इहेरिंग यांनीं, मेलेल्या माशाची ग्रंथि जिवंत माशास टोंचून ही उणीव भरून काढण्याची वाट दाखविली होती.

पुढें रसायनशाळेंत बनविलेलीं संप्रेरकें आलीं आणि ग्रंथीसाठीं मासा मारण्याची गरज उरली नाहीं. मागुराचा एक बळी मात्र बहुधा आजहि चुकत नाहीं. मादीचें पोट हलकेंच दाबलें कीं अंडीं मिळतात. नर तसें रेत देत नाहीं. म्हणून त्याचें पोट चिरून वृषण काढतात, मिठाच्या पाण्यांत ठेंचतात आणि तें पाणी अंड्यांवर घालतात. निसर्गांत घरट्याची राखण करणारा बाप येथें पिलांचें तोंडहि पाहत नाहीं.

अशा खटाटोपाचें देशी बीज महाग व दुर्मिळ राहिलें, तर झपाट्यानें वाढणारा आफ्रिकी मागूर चोरवाटेनें येऊन तळ्यांत फोंफावला. इतर मासे फस्त करणाऱ्या या पाहुण्यावर २००० सालीं केंद्र सरकारनें बंदी घातली. तरी महाराष्ट्रांतहि त्याचीं तळीं पुढें नष्ट करावीं लागलीं. विद्या हातीं आली म्हणजे काम संपलें, असें आपण सुशिक्षित लोक सहज समजतों. प्रयोगशाळेची विद्या शेतकऱ्याच्या तळ्यापर्यंत वेळेवर पोंचली नाहीं, तर मधल्या रिकाम्या जागेंत कोण शिरतें, हें मागुराच्या इतिहासावरून आम्हांस दिसतें.